‘थई जशे’ म्हणजे नक्की कधी? प्रोजेक्ट मॅनेजरच्या बोलण्या-ऐकण्याबद्दल

गेंडीगेट
नमस्कार मंडळी. डिझाइनच्या टेबलावरून प्रोजेक्ट मॅनेजरच्या खुर्चीत जाणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय, मीही त्यांतलाच. वेळापत्रक कसं बांधायचं, क्रिटिकल पाथ (ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते ती) कसा काढायचा, हे शिकवणारे पुष्कळ आहेत. गाडी अडते ती बोलण्यात. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) फॅब्रिकेटरला फोन लावून विचारावं, ‘भाई, वेसल (पोलादी टाकी) कधी?’ उत्तर ठरलेलं: ‘थई जशे’, म्हणजे ‘होऊन जाईल’. नंदेसरीत तेच, वाघोडियात तेच. सांगणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते, त्याला खरंच तसं वाटत असतं. पण ‘थई जशे’ वेळापत्रकात कुठल्या रकान्यात लिहायचं?

दोन प्रश्न आहेत.
१) संबंध न बिघडवता समोरच्याकडून खरी तारीख कशी काढायची?
२) हे शिकता येतं, की अंगातच असावं लागतं?

बडोद्याच्या आसपास प्रोजेक्ट चालवणारे इथे बरेच आहेत, म्हणून नेमकं लिहा अशी विनंती. ‘संवाद महत्त्वाचा’ हे माहीत आहे, संवादात नेमकं काय बोलायचं ते हवंय.

सुरसागर
शिकता येतं. सुरुवात ‘कधी होईल?’ हा प्रश्न सोडण्यापासून करा. त्याऐवजी ‘आत्ता कुठे आहे?’ विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस मनातली इच्छा सांगतो, दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर त्याला शॉपमध्ये (वर्कशॉपमध्ये) जाऊन बघावं लागतं.

कोयली
सुरसागरांच्या मुद्द्याला पुढे नेतो. प्रेशर वेसलचंच घ्या. ‘माल तैयार छे’ असं शॉपचा सुपरवायझर म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वेल्डिंग संपलेलं असतं. त्यानंतर काय काय उरतं ते मोजा: रेडियोग्राफीच्या (वेल्डच्या एक्स-रेच्या) फिल्म तपासून घेणं, त्यात दुरुस्ती निघाली तर ग्राइंड करून पुन्हा वेल्ड आणि पुन्हा फिल्म, हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी), पाणी काढून आतून कोरडं करणं, ब्लास्टिंग (कणांचा मारा करून पृष्ठभाग साफ करणं), प्रायमर, वरचे कोट, नेमप्लेट, टीपीआयची (बाहेरच्या तपासणी संस्थेची) रिलीज नोट, प्लेटच्या टेस्ट सर्टिफिकेटांसह कागदांची फाइल, पॅकिंग. ‘तैयार’ यातल्या कुठल्याही टप्प्याला म्हणता येतं, आणि म्हणणारा प्रामाणिकच असतो.

म्हणून टप्पा विचारायचा:
– हायड्रोटेस्टचा इन्स्पेक्शन कॉल गेला का? कुठल्या तारखेचा?
– प्रेशर गेज दोन आहेत का? कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची मुदत कधीपर्यंत आहे?
– ब्लास्टिंग घरचं की बाहेरचं? बाहेरचं असेल तर त्याच्याकडे आपला नंबर कितवा?

मुदत संपलेल्या गेजपायी इन्स्पेक्टर टेस्ट न बघता परत जातो आणि पुढची तारीख आठवड्यानंतरची मिळते. हे इतक्यांदा होतं की कॉल टाकण्याआधी सर्टिफिकेटचा फोटो मागवायचाच.

या सगळ्यावर एकच प्रश्न हवा असेल तर हा: ‘उद्या सकाळी ११ वाजता ट्रेलर लावला तर भरून निघेल का?’ ‘थई जशे’ म्हणणारा इथे थांबतो आणि मग म्हणतो, ‘ना ना, काले नहीं, हजु पेइन्ट बाकी छे’ (उद्या नाही, अजून पेंट बाकी आहे). खरी माहिती इथून पुढे सुरू होते.

मांडवी
गुजरातीत ‘काले’ म्हणजे उद्याही आणि कालही. नुसतं ‘काले मोकली दईश’ (उद्या पाठवून देईन) ऐकून फोन ठेवू नये, ‘कई तारीखे?’ विचारून आकडा वदवून घ्यावा. :)

फतेगंज
कोयली, तुम्ही लिहिलंत ते उपयोगी आहे, पण याला सॉफ्ट स्किल म्हणत नाहीत. हे तांत्रिक ज्ञान झालं. हायड्रोटेस्टला कॅलिब्रेटेड गेज लागतं हे ज्याला ठाऊक नाही, तो कितीही गोड बोलला तरी हा प्रश्न त्याला सुचणार नाही. आधी काम येऊ द्या, बोलणं मागाहून येतं.

विश्वामित्री
फतेगंज, अर्धं मान्य. प्रश्न कामाच्या माहितीतून सुचतो, पण उत्तर मिळतं ते विचारण्याच्या रीतीवर. एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारून बघा. ‘अजून पेंट नाही झालं?’ यावर समोरचा बचावाला उभा राहतो. ‘पेंट कशाने अडलंय?’ यावर तो कारण सांगतो. आणि कारण कळलं की तारीख आपली आपल्यालाच काढता येते. जुलैत बडोद्याची हवा दमट असते. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त नसेल, तर कोट मारत नाहीत. मारलाच तर पुढे फुगे येऊन पापुद्रे सुटतात. ‘पावसामुळे’ एवढंच ऐकून चिडलात तर पुढच्या वेळी तो ओल्या हवेत पेंट मारून माल पाठवेल, आणि तो माल साइटवर पुन्हा घासावा लागेल.

माझ्या मते यातलं सगळ्यात अवघड कौशल्य म्हणजे वाईट बातमी आल्यावर तोंडातून निघणारं पहिलं वाक्य. ते ‘बरं झालं आजच सांगितलंत’ असंच असायला हवं. मग दोन-तीन सेकंद गप्प. मग प्रश्न. पहिल्या खऱ्या उत्तराला आरडाओरडा मिळाला की दुसऱ्या खेपेपासून ‘थई जशे’ सुरू होतं. ते आपणच शिकवलेलं असतं.

आणखी एक. उशीर झालेल्या माणसाला बैठकीत सगळ्यांसमोर पहिल्यांदा विचारू नये. बैठकीच्या १० मिनिटं आधी बाजूला घेऊन विचारावं, ‘तुमचा विषय निघेल तेव्हा काय सांगणार आहात?’ त्याला आकडा जुळवायला वेळ मिळतो आणि बैठकीत बहाण्याऐवजी माहिती येते.

सुरसागर
विश्वामित्रीताई, ते पहिलं वाक्य टेबलावर चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

लहेरीपुरा
अंदाज मागण्याचीही एक रीत आहे. एकच आकडा मागितला की माणूस सगळं सुरळीत गेलं तर किती लागतील ते सांगतो. तीन आकडे मागावेत: सगळं जमलं तर किती दिवस, नेहमीसारखं चाललं तर किती, सगळं बिघडलं तर किती. समजा ४, ६ आणि १४ आले. मधल्याला चौपट वजन देऊन, तिन्ही मिळवून ६ ने भागा: ४ + २४ + १४ = ४२, म्हणजे ७ दिवस. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी १९५८ च्या सुमारास पर्ट पद्धत निघाली, तिच्यातलंच हे सूत्र.

पण ते ७ बाजूला ठेवा. मोलाचा आहे तो १४. लगेच विचारायचं, ‘चौदा का? काय काय बिघडू शकतं?’ मग कळतं की नोझलचे (पाइप जोडायच्या तोंडाचे) फोर्जिंग, म्हणजे घडीव भाग, बाहेरून येताहेत आणि ऑर्डरच अजून गेलेली नाही. सरळ विचारलं असतं तर ही गोष्ट बाहेर आलीच नसती.

मांडवी
मी वेंडरच्या बाजूने लिहितो, कारण ही बाजू धाग्यात आलेलीच नाही. तारीख एकतर्फी मागता येत नाही. फॅब्रिकेटर ‘थई जशे’ म्हणतो त्यामागे पुष्कळदा आपलं थकलेलं बिल असतं. प्लेट आणायला पैसा नाही आणि ते सांगायला संकोच वाटतो. आपण वेसलची तारीख विचारतो, तो पेमेंटची विचारतो, आणि आपण काय म्हणतो? ‘अकाउंट्समध्ये आहे, होऊन जाईल.’ ते आपलं ‘थई जशे’.

फोन करण्याआधी अकाउंट्समधून नक्की तारीख घ्या आणि बोलणं तिथूनच सुरू करा: ‘तुमचं दुसरं आरए (चालू कामाचं) बिल सोमवारी १८ तारखेला सुटतंय. प्लेट कधी उचलणार?’ सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी कायदाही आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, मुदतीत न दिलेली रक्कम आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरली जात नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच धरली जाते. स्वतःच्या अकाउंट्सशी बोलताना हा मुद्दा भांडणापेक्षा जास्त चालतो. प्रोजेक्ट मॅनेजरला घरातल्या खात्यांशीही बोलता आलं पाहिजे.

फतेगंज
मांडवी, हे पटलं. १८ तारखेचं वाक्य उचलतोय.

जुनी_कोठी
पोरांनो, तारखांबद्दल चाललंय तर कॅलेंडरबद्दलही बोला. सॉफ्टवेअर रविवार वगळतं, बाकीचं त्याला आपण सांगावं लागतं. बडोद्यात उत्तरायण (संक्रांत) १४ जानेवारीला आणि वासी उत्तरायण १५ ला, हे दोन दिवस शॉपमध्ये कोणी मिळत नाही. होळीला दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरचे कामगार गावी जातात. झाबुआ-अलीराजपूरकडचे त्याच्या आधीच्या आठवड्यात भगोरियासाठी (आदिवासींच्या मेळ्यासाठी) निघतात. म्हणजे साइटवरचं सिव्हिलचं काम होळीच्या मागेपुढे दोन आठवडे तरी पातळ होतं. नवरात्रीत रात्रपाळी धरूच नका. दिवाळीला बंद झालेली शॉप लाभपाचमेला (कार्तिक शुद्ध पंचमीला) मुहूर्त करतात, पण पूर्ण माणसं परतायला आणखी काही दिवस जातात.

हे माहीत असून जो मार्चची तारीख ‘पाकुं?’ (पक्कं?) म्हणून वदवून घेतो, त्याने समोरच्याला खोटं बोलायला लावलं. सणाचं आपण आधी काढावं: ‘होळीला किती जण थांबतील?’ मुकादमाला हा प्रश्न आवडतो, कारण सहसा कोणी विचारत नाही. आणि उत्तर खरं येतं.

दुसरं, भाषा. सकाळचा १० मिनिटांचा टूलबॉक्स टॉक (कामाआधीच्या सुरक्षेच्या सूचना) इंग्रजी कागदावरून वाचून दाखवला तर फक्त सह्या मिळतात. हिंदीत किंवा गुजरातीत बोला आणि शेवटी एखाद्याला विचारा, ‘आता तू सांग, सेफ्टीचा पट्टा कुठे अडकवायचा?’ त्याने बोट दाखवलं तर पोचलं. दाहोदच्या गँगमधल्या नव्या पोरांना हिंदीही अर्धीच कळते, तिथे मुकादमाला भिलीत सांगायला लावावं.

या गावाला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम मातृभाषेतून शिकवायचं, हा त्यामागचा हेतू होता. कारागिराला त्याच्या भाषेत सांगितलं तर तो शिकतो, ही समजूत आपल्या शहरात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आज त्याच कलाभवनातून घडलेल्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकून निघालेला इंजिनिअर साइटवर इंग्रजीत सूचना देतो तेव्हा वाईट वाटतं.

सुरसागर
काका, नवरात्रीचं अगदी खरं. गरबा संपवून मंडळी सेव-उसळ खाऊन घरी पोचतात तोवर पहिल्या पाळीची वेळ होत आलेली असते. त्या नऊ दिवसांत सकाळी ८ चं काँक्रीट ठेवू नये, ११ चं ठेवावं.

विश्वामित्री
सकाळी ११ ला ऑक्टोबरचं ऊन असतं, सुरसागर. स्लॅब असेल तर संध्याकाळी ५ चं बरं. पण ते आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटला दोन दिवस आधी सांगावं लागेल, सगळ्या साइट तीच वेळ मागतात.

लहेरीपुरा
धागा काँक्रीटवरून परत आणतो. क्लायंटशी बोलण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. ‘छोटासा बदल आहे, नोझल जरा १५० मिलिमीटर सरकवा.’ इथे नवे मॅनेजर दोनपैकी एक चूक करतात. लगेच ‘हो’ म्हणतात, नाहीतर लगेच ‘करारात नाही’ म्हणतात. दोन्ही उत्तरं हिशोबाआधीची आहेत. नोझल सरकलं की रीइन्फोर्समेंट पॅड (त्याच्याभोवतीची मजबुतीची प्लेट) जवळच्या सीमवर (वेल्डच्या सांध्यावर) येतो का ते बघावं लागतं, कॅल्क्युलेशन, ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन, कन्सल्टंटची मंजुरी, पाइपचा आयसोमेट्रिक (पाइपच्या मार्गाचं ड्रॉइंग), सपोर्ट. प्लेटला भोक पडलं असेल तर गोष्टच वेगळी.

बोलायचं वाक्य: ‘करता येईल का, किती दिवस आणि किती पैसे, हे गुरुवारी दुपारपर्यंत लिहून देतो. तोवर आधीच्या ड्रॉइंगवर काम थांबवू की चालू ठेवू, एवढं आत्ता सांगा.’ शेवटचा प्रश्न विसरू नका. थांबवायचं असेल तर तो निर्णय क्लायंटचा आणि त्याचे दिवसही त्याच्या खात्यावर. आणि तो त्याच दिवशी मेलवर गेला पाहिजे.

फतेगंज
मेलवर? बडोद्यात फोनवर कामं होतात. प्रत्येक बोलण्यामागे मेल आला की समोरचा सावध होतो, मोकळं बोलणं बंद होतं. फॅब्रिकेटरचा शेठ तर मेल उघडतही नाही.

लहेरीपुरा
निर्णय लेखी हवा, बोलणं नको. फोनवर कितीही मोकळं बोला. फोन ठेवल्यावर चार ओळी: काय ठरलं, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत. शेठ मेल उघडत नसेल तर व्हॉट्सॲपवर गुजरातीत टाका आणि तेच आपल्या मेलवर जपा. फक्त ते पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे निर्णय सकाळच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. ग्रुपवर फोटो, एकट्याला निर्णय.

बैठकीच्या मिनिट्सचंही तेच. शेवटची ५ मिनिटं राखून ठरलेलं मोठ्याने वाचावं, ज्याचं नाव आहे त्याने तिथेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं. एका कामापुढे एकच नाव. ‘साइट टीम’ असं लिहिलेलं काम कोणाचंच नसतं. २४ तासांत पाठवावे, तिसऱ्या दिवशी आलेले मिनिट्स लोक वाचत नाहीत.

कोयली
आणि बैठक लहान ठेवा. माणसांची संख्या ‘न’ धरली तर बोलण्याच्या जोड्या न × (न – १) ÷ २ होतात. ५ जणांत १०, १२ जणांत ६६. बारा जणांच्या बैठकीत नोझलचा विषय निघाला की दोघे बोलतात आणि दहा जण फोन बघतात. तो विषय तिथेच थांबवून ‘तुम्ही दोघे आणि मी, ४ वाजता’ असं ठरवणं हेही कौशल्यच आहे.

विश्वामित्री
फतेगंज, मोकळ्या बोलण्याबद्दल तुमची काळजी योग्य आहे. ते जपायचं असेल तर वर तक्रार नेण्याआधी त्या माणसाला सांगावं: ‘उद्या ३ पर्यंत उत्तर आलं नाही तर मला तुमच्या साहेबांना फोन करावा लागेल. तुम्हीही त्या फोनवर असा.’ बहुतेकदा ३ च्या आत उत्तर येतं. नाही आलं तरी पाठीमागून वार केला असं त्याला वाटत नाही. सीसीमध्ये साहेबांचं नाव गुपचूप घातलं तर मात्र वर्षभराचा संबंध एका मेलमध्ये जातो.

आणि वर बातमी नेताना तीन गोष्टी न्याव्यात: काय घसरलं, शेवटच्या तारखेवर किती दिवसांचा परिणाम, तुमच्याकडून कुठला निर्णय हवा. नुसतं ‘वेंडर ऐकत नाही’ घेऊन गेलात तर साहेब काय करणार?

फतेगंज
ठीक. ‘आधी सांगून मग वर’ हे मी मान्य करतो. सगळंच कामाच्या माहितीतून येतं हे माझं पहिलं म्हणणं थोडं मागे घेतो.

एक भर माझी. ‘९० टक्के झालं’ हे उत्तर स्वीकारूच नये. शेवटच्या १० टक्क्यांना आधीच्या ९० इतकाच वेळ लागलेला दिसतो, कारण टक्के मनाने सांगितलेले असतात. लहान कामांना सरळ ० किंवा १००. मोठ्यांना टप्पे आधी ठरवावेत. ड्रॉइंगसाठी उदाहरणार्थ: घरात तपासलं ३०, क्लायंटकडे गेलं ६०, मंजूर होऊन आलं ९०, शॉपला दिलं १००. मग ‘किती झालं?’ यावर मत राहत नाही आणि वादही होत नाही.

जुनी_कोठी
हे सगळं काम सुरू झाल्यावरचं. पहिल्या बैठकीत करायची एक गोष्ट सांगतो. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये तिच्यावर लिहिलं, प्री-मॉर्टेम म्हणतात. सगळ्यांना सांगायचं: ‘समजा मुदत संपली आहे आणि हे काम फसलंय. का फसलं, ते ५ मिनिटांत लिहा.’ बोलू द्यायचं नाही, लिहायचं. मग वाचताना सगळ्यात धाकट्यापासून सुरुवात. साहेब आधी बोलले की बाकीचे त्यांचंच लिहिलेलं वाचतात. ‘असं होईल का?’ विचारलं तर माणूस भीड धरतो, ‘झालंय, का झालं?’ विचारलं तर भीड सुटते. परचेसचा ज्युनिअर पोरगा इथे सांगतो की गॅस्केटचा एकच सप्लायर आहे.

गेंडीगेट
सगळ्यांचे आभार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पहिल्यासाठी गुरुवारच्या शॉप व्हिजिटला हा कागद घेऊन जातोय:

१. सुरुवात पेमेंटच्या तारखेने (अकाउंट्सकडून बुधवारी लेखी).
२. ‘आत्ता कुठे आहे?’ शॉपमध्ये उभं राहून, केबिनमध्ये नाही.
३. हायड्रोटेस्टचा कॉल, गेजच्या सर्टिफिकेटचा फोटो.
४. पेंटिंगचे तीन आकडे, आणि मोठा आकडा का.
५. ‘सोमवारी ११ ला ट्रेलर लावू का?’
६. उशीर निघाला तर ताईंचं वाक्य.
७. निघताना चार ओळी गुजरातीत, शेठच्या फोनवर.

काही राहिलं?

कोयली
क्रेन. वेसल ट्रेलरवर कोण चढवणार, त्याची की आपली? त्याची असेल तर किती टनांची आणि सोमवारी मोकळी आहे का. हे पाचव्याच्या आधी विचारा.

मांडवी
आणि दुसऱ्या मुद्द्यात शेठबरोबर सुपरवायझरलाही उभा करा. तारीख शेठ देतो, पण ती पाळणारा तो आहे. शेठ बोलत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

गेंडीगेट
दोन्ही लिहून घेतलं. क्रेन पाचवर, ट्रेलर सहावर.